सहा डिसेंबरचे बूट

मागच्या सहा डिसेंबरला पहाटे शिवाजी पार्कवर आमच्या तुकडीतल्या एका तरुणाचा बूट फाटला. खरे तर फाटला म्हणणेही बरोबर नाही, तो विरघळला. रात्री दहापासून हा मुलगा रांगेच्या बांबूंपाशी उभा होता. साडेचारच्या सुमारास त्याला पायाखाली काहीतरी भुसभुशीत लागले. टॉर्च मारून पाहिले तर सोल चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा गळून पडत होता. वरचे कातडे चकचकीत, लेस जागच्या जागी, आणि खाली काहीच नाही. एका पुस्तकाच्या स्टॉलवाल्या काकांनी आपल्या चपला काढून दिल्या, त्यावर त्याने पुढचे सात तास काढले.

तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, "दादा, बूट नवाच आहे हो. चार वर्षांत बारा वेळा घातला असेल."

हिशेब बरोबर होता. एक जानेवारीला भीमा कोरेगाव, चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर. वर्षातून तीनदा. बाकीचे दिवस बूट खोक्यात, खोके पिशवीत, पिशवी पलंगाखाली. आणि नेमके हेच त्या बुटाला मारक ठरले. ते कसे, हे पुढे सांगतो. पण त्या रात्रीनंतर आम्ही ठरवले की या विषयावर एकदा नीट लिहायचे. आपली मुले-मुली गणवेशासाठी वर्गणी काढतात, टोप्या आणि बिल्ले मागवतात, आणि जे अंगावर सगळ्यात जास्त भार घेते ते बूट आदल्या दिवशी दादर स्टेशनबाहेरच्या गर्दीत मिळतील ते उचलतात.

बुटांवर लेख लिहिण्याइतके काय आहे, असे काहींना वाटेल. आपल्या समाजाला तरी तसे वाटू नये. गावकुसाबाहेरच्या माणसाने वेशीच्या आत पायताण हातात घेऊन चालावे, हा नियम आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिला आहे. तो फक्त इतिहासात आहे असे समजू नका. अत्याचार प्रतिबंध कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्या दुरुस्तीत अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक जागी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यापासून अडवणे, सायकल-मोटारसायकलवर बसण्यापासून अडवणे, वरातीत घोड्यावर बसू न देणे हे स्वतंत्र गुन्हे म्हणून लिहावे लागले. एकविसाव्या शतकातल्या संसदेला 'पादत्राणे' हा शब्द कायद्यात घालावा लागतो, यावरून काय ते ओळखा.

दुसरीकडे, बूट आपल्याकडे लवकर आला तो पलटणीतून. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहात कोकणातले पेन्शनर सैनिक मोठ्या संख्येने होते. समता सैनिक दलाची शिस्त त्याच काळातली आणि त्याच मुशीतली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तळाला खिळे ठोकलेले जाड कातड्याचे अम्युनिशन बूट त्या पिढीने घातले, पॉलिश केले, आणि सुट्टीवर गावी आल्यावर ते घालूनच वेशीतून आत गेले. त्या बुटांचा आवाज गावाला ऐकू जात असे, असे म्हातारी माणसे सांगायची. आम्हाला ते खरे वाटते.

आता धम्माच्या बाजूने एक प्रश्न येतो, तो आधीच घेतो. पहिले शील पाळणाऱ्याने कातड्याचे बूट घालावेत का? आमच्या तुकडीतही यावर दोन मते आहेत. विनयपिटकातल्या महावग्गात 'चम्मक्खन्धक' नावाचे एक अख्खे प्रकरण कातडे आणि पादत्राणे यांवर आहे, हे फार जणांना माहीत नसते. सोण कोळिविस हा चंपा नगरीतला श्रीमंत घरचा, नाजूक पायांचा मुलगा भिक्खू झाला आणि चंक्रमण करता करता त्याचे तळवे फुटून वाट रक्ताने भरली. वीणेच्या तारा फार ताणू नयेत, फार सैलही सोडू नयेत, हा प्रसिद्ध दाखला भगवंतांनी दिला तो याच सोणाला. पण त्याच वेळी त्यांनी त्याला एकपदरी वहाणा घालण्याची परवानगीही दिली, हा भाग प्रवचनात बहुधा राहून जातो. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, संघाला मिळाल्या तर मी घालीन. मग ती परवानगी सगळ्या संघाला मिळाली.

त्याच प्रकरणात पुढे अवंती देशातला सोण कुटिकण्ण महाकच्चायनांचा निरोप घेऊन येतो: आमच्याकडची जमीन काळी, कठीण, गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, एकपदरी वहाण पुरत नाही. तेव्हा त्या प्रदेशांसाठी अनेक पदरी वहाणांना मुभा मिळाली. म्हणजे जमीन पाहून तळवा ठरवायचा, हे तत्त्व अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहे. आणि याच प्रकरणात एका भिक्खूसाठी वासरू मारून त्याचे कातडे काढले गेले, तेव्हा भगवंतांनी त्याचा कडक निषेध करून गाईचे कातडे वापरण्यास मनाई केली, हेही आहे. आम्ही यातून आमच्यापुरता असा अर्थ घेतो: पायाचे रक्षण करण्यात लाज नाही, आपल्यासाठी जीव घ्यायला लावणे नको, आणि घेतलेली वस्तू वर्षात फेकून देऊन दुसरी मागणे तर अजिबात नको. ज्यांना कातडे नकोच आहे त्यांनी जाड कॅनव्हासचे, रबरी तळाचे जंगल बूट घ्यावेत. ते स्वस्त असतात, लवकर वाळतात आणि फसवणूक करत नाहीत. फसवणूक करते ते रेक्झिन, जे कातड्याचे सोंग घेते आणि दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे टाकते.

आता बूट उघडून पाहू.

कुठलाही बूट आधी फर्म्यावर जन्मतो. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी किंवा प्लास्टिकचा ठोकळा. कापून शिवलेले वरचे कातडे या फर्म्यावर ओढून ताणून बसवतात आणि खालच्या बाजूला दुमडून पक्के करतात. बूट पायाला बसतो की चावतो हे इथेच ठरते. हे ताणायचे काम शेकडो वर्षे फक्त हातानेच होत असे, आणि यंत्राला ते जमणार नाही असेच सगळे धरून चालले होते. ते यंत्र बनवले यान अर्न्स्ट मात्झेलिगर या माणसाने. जन्म सुरिनामचा, आई कृष्णवर्णीय, वडील डच. अमेरिकेत लिन नावाच्या बुटांच्या गावी तो कारखान्यात कामाला लागला. रात्री इंग्रजी आणि यंत्रशास्त्र शिकला, सिगारच्या खोक्यांचे तुकडे आणि भंगार जोडून नमुना बनवला आणि २० मार्च १८८३ रोजी पेटंट मिळवले. हाताने दिवसाला सुमारे पन्नास जोड व्हायचे, तिथे त्याचे यंत्र दीडशेपासून सातशेपर्यंत जोड काढू लागले. सामान्य माणसाला परवडेल असा बूट त्यामुळे शक्य झाला. तो स्वतः १८८९ साली क्षयाने गेला, वय अवघे ३६. काळ्या माणसांच्या चळवळीचा इतिहास वाचणाऱ्या आपल्या मुलांनी हे नाव लक्षात ठेवावे.

वरच्या कातड्याखाली टाचेच्या भोवती एक कडक पट्टी असते, नाकाशी दुसरी. पायाखाली आतला तळवा, त्याखाली कमानीच्या जागी स्टीलची किंवा लाकडाची पट्टी, मग बाहेरचा सोल आणि टाच. हे सगळे एकमेकांना कसे जोडले आहे, यावर बुटाचे आयुष्य आणि बऱ्याच अंशी किंमतही अवलंबून असते.

सगळ्यात जास्त बूट मिळतात ते चिकटवलेले. वरचा भाग दुमडून त्याला सोल्युशनने सोल चिकटवतात आणि दाबतात. यात वाईट काही नाही, चिकटवण्याआधी कातडे नीट खरवडले असेल आणि सोल्युशन चांगले असेल तर दोन-तीन वर्षे सहज जातात. पण बहुतेक वेळा तसे केलेले नसते. दुसरा प्रकार साच्यात ओतलेल्या सोलचा. पोलिस आणि सैन्यात ज्याला डीएमएस बूट म्हणतात तो यातला. वरचा भाग साच्यात धरून सोल थेट त्यावर घडवतात. शिवण नसल्याने पाणी शिरायला जागा कमी आणि पकड घट्ट, पण सोल झिजला की बूट संपला. तो बदलता येत नाही.

तिसरा प्रकार शिवलेला. त्यातही जाती आहेत (हा शब्द इथे नाइलाजाने वापरतो). एकात आतल्या तळव्यातून थेट बाहेरच्या सोलपर्यंत एकच शिवण जाते. याला ब्लेक शिलाई म्हणतात. बूट हलका आणि लवचीक होतो, पण त्या टाक्यांवाटे ओल आत चढू शकते. दुसऱ्यात वरचे कातडे आत दुमडण्याऐवजी बाहेर पसरवून थेट मधल्या तळव्यावर शिवतात. दिसायला साधे, मजबूत, दुरुस्तीला सोपे. आणि तिसरी ती प्रसिद्ध गुडइयर वेल्ट. नावात टायर असला तरी संबंध इतकाच की रबर पक्के करण्याची रीत शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयर यांच्या मुलाच्या नावाने ही यंत्रशिलाई ओळखली जाते. यात बुटाच्या कडेने कातड्याची एक चिंचोळी पट्टी फिरवतात, ती वेल्ट. पहिली शिवण वरचे कातडे, वेल्ट आणि आतल्या तळव्याची उभी कड यांना जोडते. दुसरी शिवण वेल्ट आणि बाहेरचा सोल यांना जोडते. मधल्या पोकळीत बुचाचा भुसा भरतात, तो हळूहळू तुमच्या पायाचा ठसा घेतो. गंमत अशी की सोल झिजला तर फक्त दुसरी शिवण उसवायची आणि नवा सोल शिवायचा. वरच्या भागाला धक्का लागत नाही. म्हणून असा बूट दोन-तीन सोल खाऊन दहा-दहा वर्षे चालतो.

म्हणून सगळ्यांनी वेल्टचेच बूट घ्यावेत का? आम्हाला तसे वाटत नाही. ते महाग असतात, जड असतात, पहिले काही आठवडे पाय सोलतात. शिवाय दुकानदार 'वेल्ट'च्या नावाने जे दाखवतात त्यात नकली बरेच. नकली ओळखायची खूण सोपी आहे. बुटाच्या कडेवर टाके दिसतात, पण उलटा केला की खाली एकही टाका नाही, किंवा टाके पाडण्यासाठी कोरलेली खाचही नाही. म्हणजे ते टाके नुसते सोंग. सोल आणि ती कड एकाच साच्यातून आली असेल तर ती वेल्ट नव्हेच. खरी वेल्ट वेगळी पट्टी असते, तिची टोके कुठेतरी, बहुधा टाचेजवळ, जुळलेली दिसतात.

आता त्या विरघळलेल्या सोलकडे येऊ. तो पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा होता. हलका, मऊ, स्वस्त, म्हणून आज निम्मे दुकान त्यानेच भरलेले असते. पण पीयूच्या बऱ्याच प्रकारांची एक खोड आहे: हवेतली ओल त्याच्या आतल्या साखळ्या हळूहळू तोडते. बूट वापरा की ठेवून द्या, हे तोडणे चालूच राहते. उलट बंद खोक्यात, दमट गरम जागी, प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडली की ते जोर धरते. मुंबईचे चार पावसाळे पलंगाखाली काढलेला सोल वरून कोरा दिसतो आणि पहिल्या मोठ्या ड्युटीला कोसळतो. त्या मुलाने बूट जपले, हीच त्याची चूक ठरली. वर्षातून तीनदाच बूट लागत असतील तर पीयू सोल घेऊ नका. रबराचा घ्या, नायट्रिल रबराचा असेल तर उत्तम, तो तेलकट फरशीवरही धरतो. आणि पीयूच घ्यायचा झाला तर खोक्यावरचा किंवा सोलखालचा उत्पादनाचा महिना बघा. 'सेल'मध्ये अर्ध्या किमतीत मिळणारा जोड पुष्कळदा गोदामात तीन वर्षे पडून असतो.

कातड्याबद्दल. जनावराच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर, जसाच्या तसा ठेवलेला, त्याला फुल ग्रेन म्हणतात. तंतू तिथे सगळ्यात दाट असतात. त्यावर बारीक छिद्रे, क्वचित एखादा ओरखडा किंवा किड्याच्या चाव्याची खूण दिसते, आणि ती चांगली निशाणी आहे. डाग घासून काढून वर रंगाचा जाड थर दिला की करेक्टेड ग्रेन. शाळेचे आणि पोलिसांचे चकचकीत बूट बहुधा याचे. वाईट नाही, पण वाकतो तिथे कालांतराने तडकतो. वरचा थर काढल्यावर उरतो तो स्प्लिट, त्यावर प्लास्टिकचा लेप चढवून विकतात. आणि सगळ्यात शेवटी बॉन्डेड, म्हणजे कातड्याचा चुरा गोंदात मळून थापलेला. 'जेन्युइन लेदर' हा शिक्का यातल्या कशावरही मारलेला असू शकतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

मुंबईत बुटाचे कातडे बहुतेक म्हशीचे. ते जाड, भरड आणि बुटासाठी चांगलेच असते. २०१५ च्या कायद्याने राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस त्यात नाही, पण कच्च्या मालाच्या साखळीला आणि विशेषतः वाहतूक करणाऱ्याच्या जिवाला बसलेला धसका धारावीतल्या कुठल्याही चामड्याच्या दुकानात विचारा. पुढच्याच वर्षी, जुलै २०१६ मध्ये, गुजरातेत उनाला मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना काय भोगावे लागले ते आपण सगळ्यांनी पाहिले. त्यांच्यापैकी काहींनी एप्रिल २०१८ मध्ये धम्म स्वीकारला. कातड्याची किंमत ठरते त्यात हेही असते.

दुकानात गेल्यावर बूट संध्याकाळी घ्या, दिवसभर चाललेला पाय तेव्हा थोडा सुजलेला असतो. ड्युटीला घालणार तेच मोजे घालून जा. दोन्ही पायांत घालून उभे राहा, अंगठ्यापुढे साधारण बोटभर जागा राहिली पाहिजे, आणि पायाचा सगळ्यात रुंद भाग बुटाच्या सगळ्यात रुंद भागाशी जुळला पाहिजे. चपलांत वाढलेले आपले पाय पुढे पसरट असतात. बूट रुंदीला आवळतो म्हणून दुकानदार एक नंबर मोठा देतो, तो घेऊ नका. टाच आत सरकत राहते आणि फोड येतात. रुंद फर्म्याचा दुसरा बूट मागा.

मुलींची अडचण वेगळी. उंच घोट्याचा, खरा कामाचा बूट त्यांच्या मापात बहुतेक दुकाने ठेवतच नाहीत आणि पुरुषांचा पाच-सहा नंबर गळ्यात मारतात. त्यात टाच सैल राहते. आमच्या तुकडीतल्या दोघींनी शेवटी मापाचे बूट शिवून घेतले, आणि सगळ्यांत आरामात त्याच होत्या. चेंबूर-कुर्ल्याकडे ठक्कर बाप्पा कॉलनीत बूट बनवणाऱ्यांच्या गल्ल्याच आहेत, तिथे विचारून बघायला हरकत नाही.

मग बूट हातात घ्या. वरच्या कातड्यावर अंगठा दाबा. खऱ्या कातड्यावर बारीक, विखुरलेल्या सुरकुत्या उमटतात आणि जातात, लेपावर एक सरळ खळगा पडतो. जिभेची कापलेली कड पाहा: तंतू दिसले पाहिजेत, पांढरे कापड किंवा फेस नव्हे. जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली असेल तर पाणी आणि शिवाजी पार्कची ती लाल माती आत शिरत नाही. टाचेची पट्टी बाहेरून दाबा, ती पुठ्ठ्यासारखी दबून तशीच राहिली तर परत ठेवा. बूट वाकवा, तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध कमानीत नव्हे. भोकांच्या रिंगा लोखंडी की पितळी ते चुंबकाने कळते. चैत्यभूमीच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडी रिंगा लवकर गंजतात. आणि आमचा स्वतःचा एक निकष: लेस किती वेळात सुटते? स्तूपात जाताना बूट काढावेच लागतात, आणि रांगेच्या तोंडाशी बसून अठरा भोकांतून लेस सोडवणारा स्वयंसेवक सगळ्यांना अडवतो. वरच्या बाजूला हुक असलेले बूट बरे.

सफाई, गटार, बांधकाम अशा कामांवर असलेल्या आपल्या बांधवांसाठी हा सगळा विचार अपुरा आहे. तिथे आयएस १५२९८ चा शिक्का असलेला सुरक्षा बूटच हवा. त्यातल्या सेफ्टी प्रकाराच्या पुढच्या टोपीला २०० ज्यूलचा आघात सोसावा लागतो. कंत्राटदाराने दिलेल्या बुटावर हा क्रमांक आहे का, एवढे युनियनच्या बैठकीत विचारले तरी बऱ्याच गोष्टी बाहेर येतात.

पैशाचे बोलू. समजा एक जोड नऊशेचा आहे आणि वर्षात जातो, दुसरा साडेतीन हजारांचा आहे आणि मध्ये आठशेचा सोल बदलून आठ वर्षे जातो. पहिल्यात आठ वर्षांत सात हजार दोनशे गेले, दुसऱ्यात चार हजार तीनशे. पण साडेतीन हजार एकरकमी ज्याच्याकडे नाहीत तो जास्त पैसे भरून वाईट बूट घालतो. गरिबाला सगळेच असे महाग पडते. म्हणून आमची सूचना वर्गणीची आहे: शाखेने बॅनरवरचा एक खर्च कमी करावा आणि दर वर्षी दोन-तीन कार्यकर्त्यांच्या बुटांना निम्मी मदत द्यावी. बॅनर सात तारखेला उतरतो.

आणि जे आज साडेतीन हजार देऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी एक मधला मार्ग आहे, जो आम्हाला नाक्यावरच्या गटई कामगाराने शिकवला. रबरी सोलचा, चिकटवलेला, बऱ्यापैकी कातड्याचा जोड घ्या. पायात घालण्याआधीच त्याच्याकडे नेऊन कडेने शिलाई मारून घ्या. तो आरीने भोक पाडतो, मेण लावलेला दुहेरी दोरा ओढतो, आणि तासाभरात एका साध्या बुटाचे आयुष्य दुप्पट करून देतो. सोलची कड जाड असायला हवी, एवढीच अट. पीयूच्या फेसात टाका धरत नाही, तो दोऱ्याने कापला जातो. खरेदीला निघण्यापूर्वी त्यालाच विचारून गेलात तर अधिक बरे. दिवसभर दुसऱ्यांचे फाटलेले बूट पाहणाऱ्या माणसाला कुठला बूट कुठे फाटतो हे कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त कळते.

इथे एक बोचरी गोष्टही बोलून टाकतो. बहिष्कृत हितकारिणी सभेचे सचिव सीताराम नामदेव शिवतरकर चर्मकार समाजातले होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस पां. ना. राजभोज हेही. बाबासाहेबांच्या चळवळीत ही माणसे खांद्याला खांदा लावून होती, पुढे काहींशी मतभेदही झाले. आज आपण व्यासपीठावरून चर्मकार बांधवांशी एकी मागतो, आणि बूट मात्र मॉलमधून आणतो, उसवला की कचऱ्यात टाकतो. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतला तो पत्र्याचा गटई स्टॉल आपल्या नाक्यावर आहे. त्यात बसलेल्या माणसाचे नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

निगा राखणे फार अवघड नाही. ड्युटीवरून आल्यावर माती ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसा. भिजला असेल तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत, वाऱ्यावर ठेवा, दोन-तीनदा कागद बदला. उन्हात किंवा गॅसशेजारी वाळवलेले कातडे तडकते आणि मग त्यावर इलाज नाही. घरोघरी खोबरेल चोळतात. थोडे ठीक, पण फार झाले तर कातडे काळवंडते, ढिले पडते आणि पावसाळ्यात बुरशीला आमंत्रण मिळते. लेदर क्रीम महिन्यातून एकदा, मेणाचे पॉलिश त्यावर. प्लास्टिकची पिशवी कधीच नाही, जुन्या उशीचा अभ्रा चालतो. आणि बूट घाला. बाजारात जाताना घाला, वर्गाला जाताना घाला. नवा जोड असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला घेऊन रोज तास-दोन तास घरात वापरा, म्हणजे चावायचे तेवढे तो आधीच चावून घेतो.

तो मुलगा आता रबरी सोलचे बूट वापरतो, कडेने शिलाई मारलेले. जुन्या बुटाचे वरचे कातडे चांगले होते, म्हणून ते त्याने टाकले नाही. आमच्या नाक्यावरच्या गटई काकांनी त्यातून दोन चाकूंची म्यानं आणि एक किल्ल्यांचा पट्टा काढून दिला. यंदा तुमच्या पलंगाखाली जो जोड पडला आहे तो पाच डिसेंबरला नाही, या रविवारी बाहेर काढा. सोलवर नखाने जोरात दाबा. नख आत रुतले किंवा भुगा पडला, तर नवा बघायला अजून वेळ आहे.